बेस कॅम्पची वही: अकरा दिवस, विरळ हवा आणि अर्धवट झोप

एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवरचे डोंगर सगळ्यांनी फोटोत पाहिलेले असतात, म्हणून त्यांच्याबद्दल इथे थोडंच. ही नोंद शरीराची आहे. ऑक्टोबरअखेरीस आठ जणांचा गट निघाला तेव्हा सोबत एक शंभरपानी वही होती. रोज दोनदा, सकाळी उठल्यावर आणि रात्रीच्या जेवणाआधी, प्रत्येकाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावायचा आणि चार रकाने भरायचे: ऑक्सिजन, नाडी, डोकेदुखी, झोप. परत येऊन वही चाळली तर दिसतं की पहिला रकाना सगळ्यात जास्त वेळा बघितला गेला आणि सगळ्यात कमी उपयोगी पडला.

दिवस १: लुक्ला (२,८६० मी.) ते फाकडिंग (२,६१० मी.)

लुक्लाचं विमान सकाळचंच घ्यावं. दुपारी दरीत वारा आणि ढग भरतात आणि ५२७ मीटरच्या चढत्या धावपट्टीवर मग काही उतरत नाही. काठमांडूच्या पूर्वेला, खालच्या दरीत असलेल्या मंथलीहून निघालेलं विमान पाचशे मीटरच्या आसपासच्या उंचीवरून थेट २,८६० वर आणून सोडतं, तेही वीसेक मिनिटांत. शरीराला याची दखल घ्यायला काही तास लागतात, त्यामुळे लुक्लात चहा पिताना सगळेच ठणठणीत असतात. या वाटेची एक चांगली गोष्ट म्हणजे पहिली रात्र उतरलो त्याहून खाली, दूधकोशी नदीच्या काठी काढता येते.

‘वर हवेत ऑक्सिजन कमी असतो’ हे वाक्य वाटेत शंभरदा ऐकू येतं. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण खाली-वर सगळीकडे जवळपास २१ टक्केच असतं. कमी होतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीला तो पाऱ्याचा ७६० मिलिमीटर. हवा श्वासनलिकेत शिरली की ओलसर होते आणि त्या वाफेचे ४७ मिलिमीटर वजा होतात. उरलेल्या ७१३ चे २१ टक्के म्हणजे जवळपास १५०. बेस कॅम्पला दाब साधारण ४०० असतो. ४७ वजा केले की ३५३, त्याचे २१ टक्के म्हणजे ७४. निम्म्यालाही किंचित कमी. गोम त्या ४७ मध्ये आहे. शरीराचं तापमान बदलत नाही, म्हणून वाफेचा वाटाही कमी होत नाही, आणि जितकं वर जावं तितका तो जास्त बोचतो. १९८१ मध्ये अमेरिकन वैद्यकीय मोहिमेने थेट एव्हरेस्टच्या माथ्यावर दाब मोजला होता, तो २५३ भरला. हाच हिशेब तिथे लावला तर हातात ४३ उरतात.

दिवस २: फाकडिंग ते नामचे (३,४४० मी.)

झुलते पूल, मोंजोला राष्ट्रीय उद्यानाचं गेट, मग शेवटचा उंच पूल. तिथून नामचेपर्यंत सहाशे मीटरचा सलग चढ आहे. या चढावर शहरी माणसाची पहिली चूक दिसते. वीस पावलं झपाझप, मग कठड्याला टेकून धापा. शेजारून पाठीवर डोको (बांबूची टोपली) आणि कपाळावर नाम्लो (ओझं पेलणारा पट्टा) घेतलेले भरिया, म्हणजे हमाल, जात असतात. ते मिनिटभर चालतात, हातातली टीच्या आकाराची काठी, टोक्मा, ओझ्याखाली टेकवून उभ्या उभ्या विसावतात, तोंडाने बारीक शिट्टीसारखा श्वास सोडतात आणि पुन्हा चालू लागतात. घाई नाही, पण दिवसाअखेर पुढे तेच असतात. आमचा शेर्पा गाइड दर वळणावर एकच शब्द म्हणत होता, ‘बिस्तारै’, म्हणजे सावकाश. वेगाचं माप सोपं आहे: चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य मध्ये तुटलं की वेग जास्त.

या दिवशी शरीरात काय चालू होतं ते असं. मानेत, रक्तवाहिनी जिथे दुभंगते तिथे दोन्ही बाजूंना तांदळाच्या दाण्याएवढे अवयव असतात. रक्तातला ऑक्सिजन घटला की ते मेंदूला कळवतात आणि श्वास वाढतो. जास्त श्वास म्हणजे जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर, आणि तो घटला की रक्त अल्कधर्मी होतं. मग मेंदूतला दुसरा पहारेकरी म्हणतो, पुरे, श्वास कमी करा. एक जोर लावतो, दुसरा ब्रेक. ही ओढाताण सोडवायला मूत्रपिंडं पुढे येतात आणि रक्तातलं जादा अल्क, म्हणजे बायकार्बोनेट, लघवीवाटे टाकायला लागतात. त्याला काही दिवस लागतात.

म्हणून नामचेच्या पहिल्या रात्री तीन-तीनदा उठावं लागलं तर चिडू नये. लघवी होतेय म्हणजे शरीर कामाला लागलंय. थंडीत बाहेर जायला नको म्हणून संध्याकाळपासून पाणी तोडणारे लोक मात्र दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसतात. उलट टोकाला, ‘पाच-सहा लिटर प्या’ हा सल्लाही चुकीचा, त्याने रक्तातलं सोडियम घसरतं आणि पुन्हा डोकेदुखी, मळमळच होते. लघवीचा रंग फिकट पिवळा राहील इतकं पाणी पुरतं, बहुतेकांना तीनेक लिटर.

दिवस ३: नामचेतच

विश्रांतीचा दिवस म्हणजे पांघरुणात लोळायचा दिवस नव्हे. सकाळी ३,८८० मीटरवरच्या एव्हरेस्ट व्ह्यू हॉटेलपर्यंत चढून, तिथे तासभर थांबून खाली झोपायला आलो. आभाळ दहापर्यंत लख्ख, मग खालच्या दरीतून ढग वर सरकत आले आणि दोनला बाजारात दहा पावलांवरचं दिसेना.

वहीतले ऑक्सिजनचे आकडे ८८ ते ९३ टक्के. झोपेच्या रकान्यात मात्र आठपैकी पाच जणांचं ‘वाईट’. कारण रात्री दोनला कळलं. खोलीतल्या दुसऱ्या पलंगावरचा श्वास ऐकू येत होता. तीन-चार मोठे, खोल, एकाहून एक चढते. मग उतरते. मग काहीच नाही. प्लायवूडच्या भिंतीपलीकडचं घोरणं ऐकू यावं इतकी शांतता. घड्याळाच्या काट्यावर अकरा सेकंद गेले. मग उचकी लागावी तसा एक झटका, आणि पुन्हा तेच चढते श्वास. हे तासभर चाललं. झोपलेल्याला सकाळी एवढंच आठवत होतं की कोणीतरी तोंडावर उशी ठेवल्यासारखं वाटून दोनदा दचकून जाग आली.

याला आवर्ती श्वसन म्हणतात. जागेपणी आपण श्वासावर थोडं लक्ष ठेवतो, झोपेत सगळा कारभार कार्बन डायऑक्साइडच्या हाती असतो. भरभर श्वासांनी तो एका पातळीखाली गेला की मेंदूला श्वास घ्यायचं कारणच उरत नाही आणि श्वास थांबतो. त्या दहा-पंधरा सेकंदांत ऑक्सिजन घसरतो, मानेतले दाणे ओरडतात, माणूस अर्धवट जागा होऊन धापा टाकतो, कार्बन डायऑक्साइड पुन्हा खाली. चक्र पूर्ण. इटालियन शरीरशास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो यांनी हे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आल्प्समध्ये, ४,५५४ मीटरवरच्या मार्गेरिता झोपडीत नोंदवून ठेवलंय. गंमत म्हणजे ज्यांचा श्वास ऑक्सिजनच्या कमतरतेला जोरात प्रतिसाद देतो, त्यांच्यात हे जास्त दिसतं. म्हणजे दिवसा उत्तम चालणाऱ्याचाच श्वास रात्री सगळ्यात भीतिदायक वाटू शकतो.

उपाय काय? झोपेची नेहमीची गोळी नको आणि दारू तर नकोच, दोन्ही श्वास दाबतात. डायमॉक्स, म्हणजे अॅसिटाझोलामाइड, इथे खरंच उपयोगी आहे. मूत्रपिंडं जे काम तीन-चार दिवसांत करणार ते ही गोळी लवकर करून घेते, ब्रेक सैल होतो आणि रात्रीचे थांबेही कमी होतात. प्रतिबंधासाठी प्रौढांना सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात, लघवी वाढते, सोडा किंवा कोल्ड्रिंक बेचव लागतं. सल्फाच्या औषधांची अॅलर्जी असलेल्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हात लावू नये, आणि बाकीच्यांनीही पहिली गोळी घरी असताना घेऊन पाहावी. लुक्लात पहिल्यांदा मुंग्या आल्या की माणूस उगाच घाबरतो.

दिवस ४: तेंगबोचे (३,८६७ मी.), मुक्काम देबोचे

नदीपर्यंत सगळी उंची गमावून पुन्हा सहाशे मीटर चढ. मठात दुपारची प्रार्थना चालू होती, आत लोण्याच्या दिव्यांचा वास आणि बाहेर धुकं. तेंगबोचेच्या उघड्या माळावर राहण्यापेक्षा वीस मिनिटं खाली झाडीत देबोचेला राहावं. थोडी कमी उंची, वारा अडलेला, झोप बरी.

खोकला इथून सुरू झाला. हवा थंड, कोरडी, आणि श्वास दुप्पट. घसा सोलून निघतो. नाकातोंडावर कापडी बफ ओढून चाललं की आपल्याच श्वासाची ओल परत मिळते. उन्हात तो काढायचा मोह होतो, काढू नये.

दिवस ५: देबोचे ते दिंगबोचे (४,४१० मी.)

पांगबोचेला जेवण. उकडलेले बटाटे सालासकट, सोबत मीठ आणि मिरचीची झणझणीत चटणी. ते वाढणाऱ्या दिदीने स्वतःच्याच शेतातले म्हणून सांगितलं. या उंचीवर बटाटा-भात मागण्यामागे चवीपलीकडचं कारणही आहे. तेवढ्याच ऑक्सिजनमध्ये पिठूळ पदार्थांतून मिळणारी ऊर्जा चरबीपेक्षा थोडी जास्त असते. डालभातावर पुन्हा पुन्हा वाढतात, त्याचा फायदा घ्यावा. भूक मरते, म्हणून ठरवून खावं लागतं. लसणाचं सूप उंचीच्या आजारावर औषध आहे असं प्रत्येक लॉजवाला सांगतो. त्याला ठोस आधार नाही, पण गरम, खारट आणि पातळ असल्याने प्यावंच.

झाडं संपली. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असा नियम आहे. देबोचे ते दिंगबोचे तो थोडा मोडतोच, म्हणून इथला थांबा कोणत्याही कारणाने गाळू नये. वेळापत्रकातून एक दिवस वाचवायचा झाला तर लोक नेमका हाच वाचवतात.

दिवस ६: दिंगबोचेत थांबा

सकाळी नांगकरत्शांगच्या धारेवर जमेल तितकं चढून दुपारी परत. जेवणघरात लोखंडी शेगडीत याकच्या गोवऱ्या पेटल्या होत्या आणि टेबलाभोवती ऑक्सिमीटरची स्पर्धा लागली होती. ‘माझे ८७, तुझे किती?’ एकाला ७४ आले. त्याचा चेहरा उतरला, बाकीच्यांचे सल्ले सुरू झाले. हात बघितले तर बर्फासारखे. दोन्ही तळवे गरम मगाभोवती पाच मिनिटं ठेवून पुन्हा लावलं, ८५.

तेव्हा ऑक्सिमीटर नीट कसा लावावा हे लिहून ठेवतो. पाच मिनिटं शांत बसायचं, बोलायचं नाही. हात गरम. नेलपॉलिश पुसलेलं. खिडकीतलं ऊन यंत्रावर पडू द्यायचं नाही. बोट आत घातल्यावर पहिला आकडा धरायचा नाही, नाडीची पट्टी एकसारखी उड्या मारायला लागली की तिथून अर्धा मिनिट थांबायचं. आकडा वाढावा म्हणून खोल श्वास घेणारे असतात, तो वाढतोही, आणि दोन मिनिटांत परत येतो. ७० च्या खालच्या आकड्यावर तर यंत्राचाच भरवसा नसतो.

आकडा इतका नाचतो त्याचं कारण रक्तातच आहे. हिमोग्लोबिन ९० टक्क्यांच्या वर ऑक्सिजनने भरलेलं असेपर्यंत ऑक्सिजनचा दाब थोडा कमी-जास्त झाला तरी आकडा फारसा हलत नाही. त्याखाली मात्र उतरण तीव्र आहे, दोन श्वासांच्या फरकाने पाच-सहा अंकांचा फरक पडतो. ४,४०० मीटरवर सगळे नेमके त्या उतरणीवर उभे असतात.

शेजारच्या धारेपलीकडे फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं दवाखान्याचं ठाणं आहे. ही संस्था १९७३ पासूनची, हंगामात स्वयंसेवक डॉक्टर असतात आणि दुपारी उंचीच्या आजारावर व्याख्यान देतात. दिंगबोचेहून टेकडी ओलांडून जाता येतं, जावंच. तिथे कळलेली एक गोष्ट वहीच्या चौथ्या रकान्याला लागू होती. उंचीचा आजार मोजायची लेक लुईस नावाची गुणपद्धत आहे: डोकेदुखी, पोटाची तक्रार, थकवा, चक्कर, प्रत्येकी ० ते ३ गुण. डोकेदुखी असली आणि बेरीज ३ किंवा जास्त झाली की आजार समजायचा. पूर्वी त्यात झोपेचाही प्रश्न होता. २०१८ च्या सुधारणेत तो काढून टाकला, कारण वाईट झोप आजारी नसलेल्यांनाही येते आणि बाकीच्या लक्षणांशी तिचा मेळ बसत नाही. आठातल्या पाच ‘वाईट’ नोंदींचा सगळा धाक त्या एका वाक्याने गेला.

दिवस ७: लोबुचे (४,९४० मी.)

थुक्लापर्यंत सपाट, मग तासभराचा मोरेनचा, म्हणजे हिमनदीने साचवलेल्या दगडगोट्यांचा चढ आणि वर खिंडीत, एव्हरेस्टवर गेलेल्यांची स्मृतिस्थळं. वारा इतका की कोणी फार थांबलं नाही. लोबुचेच्या थोडं पुढे ५,०५० मीटरवर इटालियनांनी १९९० मध्ये बांधलेली काचेची पिरॅमिड प्रयोगशाळा आहे. याच हवेचा माणसावरचा परिणाम तिथे अभ्यासला गेलाय.

आकडे ७८ ते ८५. रात्री खोलीतलं पाणी बाटलीत गोठलं. बाटली स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपावं, सोबत ऑक्सिमीटर, कॅमेऱ्याची बॅटरी, ओले मोजे. उशाकडचा भाग थोडा उंच केला तर श्वास जरा सुसह्य होतो.

संध्याकाळी जेवणघरात दुसऱ्या गटातला एकजण भिंतीला टेकून बसला होता. आकडा ८२, आमच्यातल्या दोघांपेक्षा चांगला. पण सूप आलं तेव्हा चमचा दोनदा कपाबाहेर पडला आणि विचारलेल्याला उत्तर उशिरा येत होतं. त्यांच्या गाइडने फरशीवरच्या फळ्यांची रेघ दाखवली आणि टाच अंगठ्याला लावत चालायला सांगितलं. चौथ्या पावलाला तो बाजूला कलला. बस, एवढं पुरतं. मेंदूला सूज येऊ लागल्याची ही खूण आहे आणि त्यावर उपाय एकच, खाली नेणं, अंधार असला तरी. डेक्सामेथासोन ८ मिलिग्रॅम लगेच आणि मग दर सहा तासांनी ४, पण ते उतरता यावं म्हणून, वर थांबता यावं म्हणून नाही. दोन शेर्पा आणि एक घोडा, साडेसातला ते निघाले. फेरिचेला पोचल्यावर सकाळपर्यंत तो सरळ बोलायला लागल्याचं दोन दिवसांनी तिथेच कळलं.

दुसरा धोका छातीतला. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या ऑक्सिजन कमी पडला की आकसतात, काही जागी फार, काही जागी कमी. जिथे कमी तिथे रक्ताचा दाब घुसतो आणि पाणी झिरपतं. बसल्या जागी धाप, गेल्या दोन दिवसांपेक्षा अचानक मागे पडणं, आडवं झाल्यावर वाढणारा खोकला ही लक्षणं. बहुतेकदा नव्या उंचीवरच्या दुसऱ्या रात्रीच्या सुमारास. कोरड्या घशाचा खोकला रोजचाच, म्हणून विचारायचं ते खोकल्याबद्दल नाही: बसलेला असताना धाप लागते का?

एक सूचना तंबूवाल्यांसाठी. बंद तंबूत स्टोव्ह पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइड चढला तरी साधा ऑक्सिमीटर त्याला ऑक्सिजनच समजतो आणि छान आकडा दाखवतो. डोकेदुखी मात्र हुबेहूब उंचीची.

दिवस ८: गोरक्षेप (५,१६४ मी.), बेस कॅम्प (५,३६४ मी.)

बेस कॅम्पला ऑक्टोबरात तंबू नसतात. दगड, बर्फ, खडकावर रंगवलेली अक्षरं आणि फोटोंची रांग. गोरक्षेपची रात्र या वाटेवरची सगळ्यात उंच आणि सगळ्यात वाईट. वहीत तिथली झोप कोणीच चार तासांपेक्षा जास्त लिहिलेली नाही.

आमच्या गाइडचा आकडाही ८४ च होता, म्हणजे आमच्यातल्या बऱ्यापैकी माणसाइतकाच. फरक दुसरीकडे होता, त्याची नाडी ६६ आणि आमची शंभराच्या घरात. तिबेटी आणि शेर्पा लोकांत ईपीएएस१ या जनुकाचं वेगळं रूप आढळतं. त्यामुळे उंचीवरही त्यांचं रक्त फार दाट होत नाही. हे भरियांना सरसकट लावू नये. त्यातले बरेच खालच्या दऱ्यांतले राई, तामांग समाजाचे असतात आणि त्यांनाही आपल्यासारखाच त्रास होतो. ते सांगत नाहीत, कारण दिवसाची मजुरी जाते. आमचा सगळ्यात लहान भरिया दिंगबोचेपासून डोकेदुखी लपवत होता, हे त्याच्या अर्ध्या राहिलेल्या ताटावरून कळलं. वहीत भरियांसाठी रकाने नव्हते, ते पहिल्या दिवसापासून हवे होते.

दिवस ९: काला पत्थर, मग थेट फेरिचे

पहाटे साडेचारला निघून गोरक्षेपमागच्या या टेकडीवर, साडेपाच हजार मीटरच्या वर. हात गोठलेले, ऑक्सिमीटरने नुसत्या रेघा दाखवल्या. तो खिशात गेला तो गेलाच. उजाडल्यावर उतरायला लागलो ते दुपारी फेरिचेला, जवळपास बाराशे मीटर खाली. रात्री नऊला दिवे मालवले आणि कोणीही सकाळी सहापर्यंत उठलं नाही.

दिवस १०-११: नामचे, लुक्ला

उतरताना गुडघे बोलतात, श्वास नाही. नामचेला त्याच लॉजमध्ये, त्याच बाकावर बसून पुन्हा बोटं लावली. जाताना ८८ असलेल्यांना ९३, ९३ असलेल्यांना ९५. आठवड्याभरात नवं रक्त एवढं तयार होत नाही, त्याला कित्येक आठवडे लागतात. ही करामत श्वासाची आणि मूत्रपिंडांची. जाताना ज्या पायऱ्यांवर वाक्य तुटत होतं त्यांवरून आता चढून येणारे नवे लोक भेटत होते, कठड्याला टेकलेले. त्यातल्या एकाने धापा टाकत विचारलं, अजून किती? आमच्या गाइडने त्याला रस्ता किती ते सांगितलंच नाही. बिस्तारै म्हणाला आणि पुढे निघाला.